गिगापिक्सेल पॅनोरामाची सामग्री निवडताना: आधी हिशेब, मग कॅमेरा

२०१५ साली फिलिपो ब्लेंजिनी यांच्या चमूने आल्प्समधील माँ ब्लां पर्वताचे ३६५ गिगापिक्सेलचे चित्र जगापुढे ठेवले. ३,५०० मीटर उंचीवर, उणे १० अंशांच्या थंडीत, दोन आठवड्यांच्या मुक्कामात ३५ तास चित्रण करून, एकमेकांना जोडून हे एक चित्र करण्यासाठी, त्यांनी ७०,००० फोटो जमवले होते. हे फोटो कॅनन ७०डी या मधल्या फळीतल्या, २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेले होते. त्याआधी २०१२ मध्ये लंडनच्या बीटी टॉवरवरून टिपलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ३२० गिगापिक्सेलच्या चित्रासाठीही १८ मेगापिक्सेलचा कॅनन ७डी वापरला गेला. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्यापुढे लेन्स मात्र ४०० मि.मी. एफ/२.८ ची होती, तिची फोकल लेंग्थ, म्हणजे दूरचे मोठे करून दाखवण्याची ताकद, दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर जोडला होता आणि हे सगळे ओझे जर्मनीतील क्लाउस कंपनीच्या, कॅमेरा ठरावीक पावलांनी आपोआप फिरवणाऱ्या रोबोटिक हेडने पेलले होते. विक्रमाच्या जवळपास जाणारा पॅनोरामा करू इच्छिणारे बहुतेक जण ‘कॅमेरा कोणता घ्यावा’ या प्रश्नाने सुरुवात करतात. माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाचा आहे. आधी दृश्याचा आणि वेळेचा हिशेब मांडावा, त्यातून लेन्स ठरते, लेन्सच्या वजनावरून हेड ठरते आणि मग कॅमेरा निवडणे फारसे अवघड राहत नाही.

कागदावरचा हिशेब

एक गिगापिक्सेल म्हणजे १०० कोटी पिक्सेल. आपल्या सामग्रीतून किती पिक्सेल निघतील हे फक्त दोन आकड्यांवर ठरते: लेन्सची फोकल लेंग्थ आणि सेन्सरवरील एका पिक्सेलची रुंदी. फोकल लेंग्थला पिक्सेलच्या रुंदीने भागले की एका रेडियनमध्ये, म्हणजे सुमारे ५७.३ अंशांत, किती पिक्सेल बसतात ते कळते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘फुल-फ्रेम’पेक्षा लहान) सेन्सरवरील पिक्सेल साधारण ०.००४ मि.मी. रुंद असतो. ४०० मि.मी. लेन्स लावली तर ४०० भागिले ०.००४, म्हणजे एका रेडियनला १,००,००० पिक्सेल मिळतात. संपूर्ण ३६० अंशांचे वर्तुळ ६.२८३ रेडियनचे असल्याने चित्राची रुंदी ६,२८,३०० पिक्सेल होते, आणि उभ्या दिशेने ४० अंश घेतले तर उंची सुमारे ६९,८०० पिक्सेल होते. दोन्हींचा गुणाकार जवळपास ४४ गिगापिक्सेल येतो. हीच लेन्स टेलिकन्व्हर्टरने ८०० मि.मी. केली की रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट होतात आणि आकडा चौपट होऊन १७५ गिगापिक्सेलवर पोहोचतो.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. शेजारच्या दोन फोटोंमध्ये ३० टक्के ओव्हरलॅप ठेवला, तर ६,००० बाय ४,००० पिक्सेलच्या फोटोतून प्रत्यक्ष पुढे सरकणारा भाग ४,२०० बाय २,८०० पिक्सेलचा उरतो. ४०० मि.मी. वर हे दृश्य १५० रकाने आणि २५ रांगांत, म्हणजे ३,७५० फोटोंत आटोपते, ८०० मि.मी. वर ३०० रकाने आणि ५० रांगा, म्हणजे १५,००० फोटो लागतात. हेड फिरणे, स्थिर होणे आणि शटर उघडणे मिळून प्रत्येक फोटोला ३ सेकंद धरले, तर पहिले काम सव्वातीन तासांच्या आत होते आणि दुसऱ्याला साडेबारा तास लागतात. साडेबारा तासांत सूर्य आकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, सावल्या उलटतात, ढग येतात, धुरके चढते. प्रत्येक फोटोला ३ ऐवजी ५ सेकंद लागले तर हेच काम २० तास ५० मिनिटांवर जाते आणि एका दिवसात बसतच नाही. म्हणून सामग्री निवडताना मी ‘एकूण किती गिगापिक्सेल’ यापेक्षा ‘एका फोटोला किती सेकंद’ हा आकडा अधिक जपतो.

कागदावर मिळणारे पिक्सेल आणि अंतिम चित्रात उरणारे पिक्सेल यांत किती अंतर असते, याचा अंदाज माँ ब्लांच्या आकड्यांवरूनच बांधता येतो. ३६५ गिगापिक्सेलला ७०,००० ने भागले तर २० मेगापिक्सेलच्या प्रत्येक फोटोमागे सरासरी जेमतेम ५ मेगापिक्सेल अंतिम चित्रात पडले. ओव्हरलॅप, दुबार काढावे लागलेले फोटो आणि छाटलेल्या कडा यांसाठी अशी ऐसपैस सोय हिशेबात आधीच धरून ठेवावी.

हवा ही पहिली लेन्स

८०० मि.मी. लेन्स आणि ०.००४ मि.मी. पिक्सेल या जोडीत एक पिक्सेल १ किलोमीटर अंतरावर ५ मिलिमीटर आणि १० किलोमीटर अंतरावर ५ सेंटिमीटर इतका भाग व्यापतो. कोनाच्या भाषेत हे सुमारे एक आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग झाले. ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा याच्या कित्येक पट थरथरत असते. उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावर दिसणारे पाण्यासारखे हलणारे चित्र हे त्याचेच ठळक रूप. अशा हवेतून अधिक लांब लेन्सने टिपले, तर पिक्सेल वाढतात पण तपशील वाढत नाही, आणि वेळ मात्र चौपट जातो.

म्हणून लेन्स ठरवण्याआधी जागेवर जाऊन एक साधी चाचणी घ्यावी. मिळेल ती लांब लेन्स मजबूत ट्रायपॉडवर लावून दूरवरच्या एखाद्या मनोऱ्याच्या जाळीवर किंवा पाटीवरच्या अक्षरांवर काळजीपूर्वक फोकस करावे, शटर १/१००० सेकंदावर ठेवावे आणि काहीही न हलवता लागोपाठ दहा फोटो घ्यावेत. संगणकावर १०० टक्के आकारात ते एकामागून एक पाहताना जाळीच्या सरळ पट्ट्या प्रत्येक फोटोत वेगळ्या वाकलेल्या दिसल्या, तर मर्यादा हवेची आहे आणि त्याहून महागडी लेन्स त्या जागी, त्या वेळी वाया जाईल. हीच चाचणी सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, दुपारी आणि संध्याकाळी घेतली की चित्रणाची वेळही ठरून जाते. उंच जागा, गार हवा आणि पावसाने धुऊन निघालेले आकाश यांचा लाभ कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यासाठी दिवस राखून ठेवावे लागतात.

लेन्स

लेन्स झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची असावी. झूम लेन्सची नळी वर-खाली कलताना स्वतःच्या वजनाने किंचित सरकू शकते आणि हजारो फोटोंत फोकल लेंग्थचा असा सूक्ष्म फरक पडला, तर स्टिचिंग, म्हणजे फोटो एकमेकांना जोडण्याचे काम, करताना जोड जुळत नाहीत. टेलिकन्व्हर्टर लावायचा असेल तर मूळ लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) मोठे असणे आवश्यक ठरते, कारण १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप आणि २ पटीचा कन्व्हर्टर दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). ४०० मि.मी. एफ/२.८ लेन्स दुप्पट केल्यावर एफ/५.६ ची होते आणि एफ/८ पर्यंत मिटून ती अधिक रेखीव करण्याची मुभा उरते, एफ/५.६ ची लेन्स दुप्पट केली तर ती मुळातच एफ/११ वर जाऊन बसते.

एफ/११ वाईट का, तर डिफ्रॅक्शनमुळे. अ‍ॅपर्चर जितके लहान, तितका प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर पसरट पडतो. हिरव्या प्रकाशात त्या ठिपक्याचा व्यास एफ/५.६ ला सुमारे ०.००७५ मि.मी., एफ/८ ला ०.०१०७ आणि एफ/११ ला जवळपास ०.०१५ मि.मी. असतो. ०.००४ मि.मी. च्या पिक्सेलवर ०.०१५ चा ठिपका म्हणजे प्रत्येक बिंदू तीन-चार पिक्सेलभर सांडलेला असतो. तेव्हा एफ/५.६ ते एफ/८ हाच आपला पल्ला समजावा, आणि याहून बारीक पिक्सेल असलेल्या सेन्सरच्या मागे लागण्याआधी हा ठिपका आठवावा.

दुसरी अडचण जवळच्या वस्तूंची आहे. ८०० मि.मी. आणि एफ/८ वर, दोन पिक्सेलइतकाच धूसरपणा चालवून घ्यायचा ठरवले, तर हायपरफोकल अंतर १० किलोमीटर येते, म्हणजे १० किलोमीटरवर फोकस केल्यास ५ किलोमीटरपलीकडचेच सगळे रेखीव येईल. ४०० मि.मी. ला हेच अंतर अडीच किलोमीटर आहे. दृश्यात जवळची छपरे, झाडे किंवा कठडे असतील, तर खालच्या रांगांसाठी वेगळे फोकस किंवा एकाच चौकटीचे वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो अपरिहार्य होतात आणि फोटोंची संख्या त्या प्रमाणात वाढते. जागा निवडताना जवळ काहीही नसलेले टोक निवडणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फोकस एकदा लावला, ऑटोफोकस बंद केला आणि रिंगला टेप चिकटवला की काम झाले, असे मीही मानत होतो. एका पहाटे कडाक्याच्या थंडीत सुरू केलेल्या चित्रणात सकाळच्या सगळ्या रांगा सुरेख आल्या आणि दुपारी टिपलेल्या रांगा एकजात मऊ निघाल्या. टेप जागच्या जागी होता. उन्हाने लेन्सची नळी तापून फोकस सरकला होता. लांब लेन्सची रिंग अनंताच्या खुणेपलीकडेही फिरते ती याच कारणासाठी. तेव्हापासून मी प्रत्येक रांगेच्या शेवटी लाइव्ह व्ह्यूमध्ये तीच एक दूरची खूण मोठी करून पाहतो, आणि लेन्स निवडतानाही रिंग हळू व बारकाईने फिरते का, हे हाताने फिरवून तपासतो. इमेज स्टॅबिलायझेशन मात्र ट्रायपॉडवर पूर्ण बंद ठेवावे.

कॅमेरा बॉडी

मोठा सेन्सर तपशील वाढवतो असा समज आहे, पण या कामात तपशील पिक्सेलच्या रुंदीवर ठरतो. पिक्सेल तेवढाच असेल तर मोठ्या सेन्सरचा लाभ निराळा आहे: एका फोटोत अधिक दृश्य मावते आणि फोटो कमी लागतात. ०.००३७६ मि.मी. पिक्सेलच्या ६१ मेगापिक्सेल फुल-फ्रेम सेन्सरवर वरचेच ८०० मि.मी. चे दृश्य सुमारे १९९ गिगापिक्सेल भरते, आणि त्यासाठी १५,००० ऐवजी ७,००० च्या आत फोटो पुरतात. ३ सेकंदांच्या हिशेबाने साडेबारा तासांचे काम पावणेसहा तासांवर येते. मला फुल-फ्रेमवरील खर्च यासाठीच योग्य वाटतो. मात्र त्याची किंमत लेन्सच्या कोपऱ्यांकडून वसूल होते. एपीएस-सी सेन्सर लेन्सच्या फक्त मधल्या, सर्वांत रेखीव भागातून चित्र घेतो. फुल-फ्रेमवर कडांचा मऊपणा आणि काळवंडलेले कोपरे चित्रात येतात. कन्व्हर्टरसह लेन्सचे कोपरे तपासून ते समाधानकारक नसतील, तर ओव्हरलॅप वाढवून कडा टाकून द्याव्यात, किंवा एपीएस-सीवरच राहावे.

शटरच्या आयुष्याचा विचार खरेदीच्या दिवशीच करावा. कॅनन ७०डीचे शटर १,००,००० वेळा उघडण्यासाठी प्रमाणित आहे. त्यापुढे ७०,००० फोटोंचा प्रकल्प ठेवून पाहिला म्हणजे जुन्या, भरपूर वापरलेल्या बॉडीवर असे काम सुरू करणे किती धोक्याचे आहे ते लक्षात येते. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांतील इलेक्ट्रॉनिक शटर झिजत नाही आणि हादरेही देत नाही, म्हणून या कामाला ते फार सोयीचे आहे. दोन बाबतींत मात्र जपावे: हेड पूर्ण थांबण्याआधी शटर उघडले तर उभ्या रेषा तिरक्या होतात, आणि रात्रीच्या एलईडी प्रकाशात चित्रावर पट्टे उमटू शकतात. बाकी बॉडीकडून एवढेच हवे, की एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कायम ठेवता यावेत, रॉ (सेन्सरवरील मूळ, प्रक्रिया न केलेली) फाइल मिळावी, बाहेरून वीज देता यावी आणि कार्डाला दोन जागा असाव्यात. एका सेकंदात किती फोटो निघतात, डोळ्यांचा मागोवा घेणारा फोकस आहे का, व्हिडिओ कसा येतो, यावर या कामासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

रोबोटिक हेड

ज्याच्यावर सर्वांत जास्त विचार आणि, जमल्यास, पैसा खर्च करावा ती ही वस्तू. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि नासाचे एम्स संशोधन केंद्र यांच्या प्रकल्पातून आलेल्या गिगापॅन हेडने हे तंत्र सामान्य छायाचित्रकारांपर्यंत पोहोचवले. २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीचे डेव्हिड बर्गमन यांनी केलेले १,४७४ मेगापिक्सेलचे प्रसिद्ध चित्र अशाच हेडवर लहानशा कॅनन जी१० ने टिपलेल्या २२० फोटोंचे होते. पण हलक्या कॅमेऱ्याला पुरणारे हेड मोठ्या लेन्सला पुरत नाही. कॅननची ४०० मि.मी. एफ/२.८ ची दुसऱ्या पिढीची लेन्स एकटीच ३,८५० ग्रॅम भरते. कन्व्हर्टर आणि बॉडी धरून एकूण भार ५ किलोच्या घरात जातो. गिगापॅनच्या एपिक प्रो या मोठ्या हेडची मर्यादा साडेचार किलोची आहे, म्हणजे ही जोडी तिथेच बाद होते. निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेच्या दोन-तृतीयांश भार घालणे मला सुरक्षित वाटते, कारण मर्यादेपर्यंत ओझे चढवले की हेड फिरते खरे, पण थांबल्यावर बराच वेळ डुलत राहते.

हे डुलणे मोजण्याची एक पद्धत सांगतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅश-शूवर किंवा लेन्सच्या कॉलरवर लहान लेझर पॉइंटर घट्ट बांधावा आणि २० मीटर अंतरावरील भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवून त्यावर ठिपका पाडावा. ८०० मि.मी. च्या वरील जोडीत या अंतरावर एक पिक्सेल म्हणजे अवघा ०.१ मिलिमीटर. आता हेडला एक पाऊल पुढे नेऊन परत आणावे आणि ठिपक्याकडे दुर्बिणीतून किंवा जवळ उभ्या केलेल्या सोबत्याच्या डोळ्यांनी पाहावे. ठिपका परत येताना ५ मिलिमीटर इकडे-तिकडे पडला, तरी ती ५० पिक्सेलची चूक दीड हजार पिक्सेलच्या ओव्हरलॅपमध्ये सहज सामावते. ठिपका येऊन थांबल्यानंतर किती वेळ थरथरतो हे मात्र घड्याळ लावून मोजावे, कारण २ मिलिमीटरची थरथर म्हणजे २० पिक्सेल, आणि तेवढा वेळ थांबूनच शटर उघडावे लागणार. एक हेड अर्ध्या सेकंदात शांत होत असेल आणि दुसरे अडीच सेकंद घेत असेल, तर १५,००० फोटोंत आठ तासांहून अधिक फरक पडतो. जाहिरातीतील कोनाच्या अचूकतेपेक्षा हा एक आकडा हेडची योग्यता अधिक नेमकी सांगतो.

याखेरीज तीन गोष्टी हेडमध्ये असाव्यात. रांगांऐवजी उभ्या रकान्यांच्या क्रमाने फोटो घेण्याची सोय असावी: ५० फोटोंचा एक रकाना अडीच मिनिटांत संपतो, म्हणून शेजारच्या रकान्यांतील प्रकाश जवळपास सारखा राहतो, आडव्या रांगेने गेल्यास खालच्या रांगेची पाळी पंधरा मिनिटांनी येते. मधूनच थांबवून कोणत्याही क्रमांकापासून पुन्हा सुरू करता यावे. आणि प्रत्येक फोटोचा कोन हेडने फाइलमध्ये नोंदवावा, कारण निरभ्र आकाशात किंवा शांत पाण्यावर जुळवण्यासारखी एकही खूण नसते आणि स्टिचिंग सॉफ्टवेअरला ते फोटो या नोंदीवरूनच जागेवर बसवावे लागतात.

लेन्स ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदूही तपासावा. लेन्सचा प्रवेशबिंदू (पुढून पाहिल्यास लेन्सच्या आत छिद्र जिथे दिसते ती जागा) हेडच्या अक्षापासून २० सेंटिमीटर दूर राहिला, तर दर पावलाला लेन्स बाजूला सुमारे ४ मिलिमीटर सरकते. १ किलोमीटरपलीकडे याने काही बिघडत नाही, पण १०० मीटरवरील वस्तू मागच्या दृश्याच्या तुलनेत ८ पिक्सेलने हललेली दिसते आणि जोड उघडा पडतो. म्हणून लेन्स पुढे-मागे सरकवता येईल इतकी लांब पट्टी हेडवर आहे का, हे पाहून घ्यावे.

ट्रायपॉड मधला दांडा नसलेला, जाड पायांचा आणि डोळ्यांपेक्षा खालीच उभा राहणारा घ्यावा. इमारतीच्या गच्चीवर काम असेल तर पंखे, लिफ्ट आणि माणसांची ये-जा यांचे हादरे लेझरच्या त्याच चाचणीत दिसतात. मोठा लेन्स हूड वाऱ्यात शिडासारखा वागतो. वारा असेल तर तो काढून बाजूने सावली धरावी.

फाइल, साठवण आणि संगणक

हा भाग सामग्रीच्या यादीत शेवटी येतो आणि म्हणूनच अर्ध्यावर अडलेले प्रकल्प बहुधा इथेच अडलेले असतात. २८ एमबीच्या रॉ फाइल धरल्या तर १५,००० फोटो ४२० जीबी होतात, आणि त्यांच्या किमान दोन प्रती हव्यात. माँ ब्लांच्या चमूकडे एकूण ४६ टीबी माहिती साठली आणि तिच्यावरील प्रक्रियेला दोन महिने लागले. १७५ गिगापिक्सेलचे सपाट केलेले चित्र ८ बिटमध्येही ५२५ जीबीचे होते आणि १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. स्टिचिंगच्या वेळी तात्पुरत्या फाइलींना त्याहून कित्येक पट मोकळी आणि वेगवान एसएसडी लागते. रॅम कमी असली तरी काम हळूहळू होते, पण डिस्क भरली की थांबते.

फाइलच्या प्रकारांच्या मर्यादाही आधीच ठाऊक असाव्यात. जेपेग एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलपलीकडे जात नाही. साधी टिफ ४ जीबीला अडते, त्यापुढे बिगटिफ लागते. फोटोशॉपची पीएसबी फाइल एका बाजूला ३,००,००० पिक्सेलपर्यंतच उघडते, म्हणजे ४०० मि.मी. चा आपला पूर्ण वर्तुळाचा पॅनोरामा तिच्यातही मावत नाही. त्यामुळे रंग आणि उजेडाचे बहुतेक काम सुट्या फोटोंवरच उरकावे आणि अंतिम चित्र पीटीगुईसारख्या सॉफ्टवेअरमधून तुकड्या-तुकड्यांत काढून घ्यावे.

विक्रमाचा विचार असेल तर कोणत्या प्रकारात नोंद हवी ते खरेदीआधी ठरवावे. २०१५ मध्ये क्वालालंपूर शहराच्या पॅनोरामाने ८४६ गिगापिक्सेलचा पल्ला गाठला. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा तयार केली, पण ती १०० मेगापिक्सेलच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याने ८,४३९ फोटोंतून, कॅमेरा चित्राला समांतर सरकवत घेतलेली आहे. तिथे फिरणाऱ्या हेडचा उपयोगच नाही. दोन्ही कामांची सामग्री पूर्णपणे वेगळी आहे. सॉफ्टवेअरने फुगवलेले पिक्सेल मोजू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढे कोणी पुरावा मागितला तर दाखवायला मूळ रॉ फाइल व हेडच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

मोठी लेन्स विकत किंवा भाड्याने घेण्यापूर्वी हाताशी असलेल्या २०० मि.मी. लेन्सने त्याच जागेवरून ६० बाय २० अंशांचे दृश्य टिपून पाहावे. १३ रकाने, ७ रांगा, ९१ फोटो आणि जवळपास ९० कोटी पिक्सेल, एवढाच त्याचा व्याप आहे. मॅक्स लायन्स यांनी २००३ मध्ये ब्राइस कॅन्यनचे पहिले एक गिगापिक्सेलचे चित्र केले तेव्हा ६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने त्यांना १९६ फोटो जोडावे लागले होते. आपले ९१ फोटो टिपायला, कार्डावरून उतरवायला आणि जोडायला प्रत्येकी किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे, त्या आकड्यांना १६५ ने गुणावे, आणि येणारी बेरीज आपल्याकडच्या दिवसांत बसत असेल तरच १५,००० फोटोंच्या लेन्सची चौकशी सुरू करावी.